पारोळ्याहून परत

मे महिन्यात माणसाला ट्रेनिंगसाठी जळगावला पाठवायचं, हे ज्याच्या सुपीक डोक्यातून निघालं त्याला मी आजही मनातल्या मनात चार शिव्या हासडते. ऑफिसातल्या बायकांनी तर माझा निरोप समारंभच केला. "जा बाई, परत आलीस तर भाजून येशील," एक म्हणाली. दुसरीनं कांदा आणून दिला, खिशात ठेव म्हणे, ऊन लागत नाही. मला ना खिसा, ना उत्साह. मी कांदा पर्समध्ये टाकला आणि दोन दिवसांनी त्याची कोशिंबीर करून खाल्ली.

मी तेव्हा साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. ट्रंक कॉल बुक करून माणसं तासन्‌तास फोनपाशी बसायची आणि कॉल लागला नाही की सगळा राग आमच्यावर काढायची, ते दिवस. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांचं बोलणं जोडून द्यायचं. कान हीच माझी नोकरी, आणि त्या कानाचा मला तोराही होता. नुसत्या 'हॅलो'वरून समोरचा माणूस जेवून उठलाय की रडून, हे मी सांगायचे. सगळ्या जणी म्हणायच्या, हिच्यापुढं बोलताना जपून गं बाई.

माझा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. लोखंडी पट्ट्यांचा उंच बूट घालते मी, फरशीवर तो टक टक वाजतो. म्हणजे मी यायच्या आधी माझा आवाज पोचतो. आई सगळ्या स्थळांना आधीच सांगून टाकायची, "एका पायानं उणी आहे हो पोर, बाकी लाखात एक." तिचा हेतू चांगला, फसवणूक नको म्हणून. पण 'उणी' हा शब्द मी इतक्यांदा ऐकला होता की पाहुणे यायचे म्हटलं की तो आधी कानात वाजायचा. मग पोहे मी करायचे, बशा बहीण न्यायची. शेवटी पाहुण्यांतली एखादी बाई गोड आवाजात म्हणायची, "जरा चालून दाखव गं बाळ." पस्तिशीला आलेली बाई मी, बाळ कसली डोंबलाची! पण चालायचे. मग त्यांचं उत्तर यायचं नाही. मी कंटाळले होते. नुसती कंटाळले नव्हते, पार शिणले होते, हाडात शीण उतरतो तसा.

आणि तरीही जळगावच्या त्या प्रवासात माझ्या मनात एक गोष्ट होती, जी मी घरी कुणालाही सांगितली नव्हती. ट्रेनिंगच्या मधल्या रविवारी मी धुळ्याला एका माणसाचं घर बघायला जाणार होते. एकटी.

त्याचं असं झालं. धुळ्याच्या एक्स्चेंजमधली एक ऑपरेटर मला लाईनवर भेटायची. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, नावंही विचारली नव्हती. मी तिला 'धुळे' म्हणायचे आणि ती मला 'सातारा'. "काय गं सातारा, आवाज का बसलाय?" असं तिनं विचारलं की मला बरं वाटायचं. तिच्याच गल्लीत एक ड्रॉइंग मास्तर राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, घरात फक्त म्हातारी आई. धुळेनं परस्पर माझा विषय काढला. "पायाचं सांगितलंस?" मी विचारलं. "सगळ्यात आधी तेच सांगितलं," ती म्हणाली. "तर मास्तर म्हणाले, आपण साताऱ्याला जाऊन त्यांना कशाला बघायचं? त्यांनीच येऊन आपलं घर बघावं. राहायचं त्यांना आहे."

हे वाक्य ऐकून मी कितीतरी वेळ बोर्डावरचे दिवे नुसते बघत बसले. असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी ठरवलं, जायचं. आणि हेही ठरवलं, की हे शेवटचं. इथंही तेच झालं तर पुन्हा जन्मात कुणापुढं बसायचं नाही. एकटं राहायचं, आणि त्याबद्दल कुरकुर करायची नाही. आईला सांगितलं असतं तर ती बरोबर निघाली असती, तिच्याबरोबर मामा, आणि मग पुन्हा पोहे.

जळगावला पहाटे उतरले तेव्हा हवा चक्क बरी होती. म्हटलं, उगाच घाबरवतात लोक. आठ वाजेपर्यंत माझं मत बदललं. ऑफिसनं एका घरात वरची खोली घेऊन ठेवली होती. तिच्या भिंती दिवसभर तापायच्या आणि रात्रभर ती उष्णता परत द्यायच्या. घरमालकीणबाई खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारून जायच्या. पाच मिनिटं सुगंध, नंतर पुन्हा भट्टी. रात्री सगळं गाव गच्चीवर झोपायचं. मीही वर जाऊन पडायचे. शेजारच्या गच्च्यांवरून खोकणं, पाण्याचे तांबे, रेडिओ, लहान मुलांची भांडणं ऐकू यायची, आणि झोप काही यायची नाही.

दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. दुकानांची शटरं अर्धी खाली, आत मालक गादीवर आडवे. चार वाजून गेले की एकेक लूना, एकेक रिक्षा बाहेर पडायची. बायका तोंडाला ओढणी गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवून जायच्या. मला ते फार आवडलं. कोण कोणाकडं बघतंय कळतच नाही! डाळीच्या मिलांच्या बाजूनं वारा आला की कोरडा, भाजल्यासारखा वास यायचा. संध्याकाळी मी पाय ओढत सराफ बाजारापर्यंत जायचे. लांबलांबच्या गावांहून माणसं तिथं सोनं घ्यायला येतात. एका दुकानातून आवाज आला, "या ताई, मंगळसूत्र दाखवू का?" धंद्याचं बोलणं ते, त्यात त्याची काय चूक. पण मी त्याच्याकडं असं बघितलं की बिचारा फडक्यानं काच पुसायला लागला.

भाषेनं मात्र मजा आणली. ऑफिसात सगळे आपल्यासारखंच बोलायचे, पण खेड्यातून आलेल्या माणसांचं बोलणं ऐकून माझे कान टवकारायचे. पहिल्याच दिवशी केळीवाल्या म्हातारीनं मला विचारलं, "कथा जाई राहिनी माय?" मी म्हटलं, कथा? हिला माझी कथा कशी कळली? मग समजलं, 'कथा' म्हणजे 'कुठं'. मग मी नादच घेतला. शे म्हणजे आहे. बठ्ठा म्हणजे सगळा. आणि सगळ्यात मोठा शोध म्हणजे, ही माणसं 'ण' म्हणतच नाहीत. पाणी नाही, पानी. कोण नाही, कोन. चार दिवसांत मला वाटायला लागलं, आपल्याला खानदेशी येते. कान तयार असला की काय अवघड आहे! या शहाणपणानं पुढं माझा घात केला.

रविवारी सकाळी धुळ्याची एसटी धरली. एरंडोल, पारोळा करत गाडी निघाली. दोन्ही बाजूंना कापसाची मोकळी रानं, नांगरून ठेवलेली काळी ढेकळं, मधेच एखादं कडुनिंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत जेवढी मावतील तेवढी जनावरं. खिडकीतून येणारा वारा इतका तापलेला की खिडकी लावावी तर जीव गुदमरतो, उघडावी तर तोंड भाजतं. मी नवी साडी नेसले होते, फिकट हिरवी. धुळं येईतो तिचा पार बोळा झाला. आणि छातीत धडधड. स्वतःचाच राग येत होता, बाई, एवढ्या वेळा होऊन गेलं, आता कसली धडधड?

धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. आणि गल्ल्या कशा, सरळ! आमच्या साताऱ्यात चढ, उतार, बोळ, पायऱ्या. माझ्या पायाची नुसती परीक्षा. इथं रिक्षातून एका टोकाला उतरावं तर दुसरं टोक दिसतं. मी खाली पाय ठेवला आणि पहिला विचार आला, इथं मला चालता येईल. तो विचार आला म्हणून मला भीतीच वाटली.

मास्तर दारात उभे होते. चाळिशीचे, उंच, किंचित वाकलेले, बोटांना शाईचे डाग. "या," म्हणाले, आणि पुढं काय बोलायचं ते विसरून गेले. आत नेऊन खुर्ची दिली. मग एक बुटकं स्टूल आणून माझ्या डाव्या पायापाशी ठेवलं आणि उन्हाबद्दल बोलायला लागले. मी पाय स्टुलावर टेकला. इतक्या घरांत बसले, पण असं स्टूल कुणी दिलं नव्हतं. 

त्यांची आई परसातून पदराला हात पुसत आली. ठेंगणी, काळीसावळी, आवाज असा की एक्स्चेंजची गरजच पडू नये. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, बुटाकडंही बघितलं, काहीही न लपवता. "बठ माय, बठ," म्हणाली, म्हणजे बस, आणि घाईनं परत गेली, कारण मागं चुलीवर खापर तापलेलं होतं. पालथं मातीचं भांडं असतं ते. त्याच्यावर ती हातभर रुंदीच्या पुरणाच्या पोळ्या टाकत होती. मांडे म्हणतात त्यांना. पोळी लाटायची नाही, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत वाढवायची. शेजारची अक्का मदतीला आली होती. माझ्यासाठी सकाळपासून घर राबत होतं, हे सांगायला कुणी लागत नव्हतं, वासच सांगत होता.

"आमरस आहे," मास्तर म्हणाले, "पण गार नाही. मी पटकन बर्फ घेऊन येतो." सायकल काढून ते गेले. मी खोलीत एकटी राहिले. भिंतीवर त्यांनी काढलेलं नदीचं चित्र होतं, पाणी कमी आणि वाळू फार. मी ते बघत होते आणि मनात हळूच एक पलंग इकडं, एक कपाट तिकडं ठेवून बघत होते. आणि तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला.

शेजारीण विचारत होती, "उनी का वं?"

"उनी ना!" म्हातारी म्हणाली.

मी सावध झाले. मग भांडं आपटल्याचा आवाज झाला, आणि त्या खडखडाटातून म्हातारीचं वाक्य तुटक तुटक माझ्यापर्यंत आलं. "पायनं... बठ्ठी... उनी माय!" आणि शेजारणीनं जिभेनं च् च् केलं.

माझ्या तयार कानानं क्षणात कॉल जोडला. ही माणसं ण म्हणत नाहीत. उनी म्हणजे उणी. बठ्ठी म्हणजे सगळी. पायानं, सगळीच उणी.

काय सांगू, राग आला असता तर बरं झालं असतं. राग नाही आला. नुसता थकवा आला, डोक्यापासून पायापर्यंत, दुखऱ्या आणि चांगल्या दोन्ही. एवढ्या लांब आले, तीनशे मैल म्हणा की किती ते, भट्टीत भाजून घेतलं, नवी साडी नेसले, आणि इथंही चुलीशी बसून माझं वजनमाप चाललंय. आई निदान 'एका पायानं' म्हणायची. इथं तर बठ्ठीच. मी पर्स उचलली. मागच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "मावशी, मला निघायला हवं. गाडी आहे."

म्हातारीच्या दोन्ही हातांवर पसरलेला मांडा होता. ती तशीच उभी राहिली. "जेवन?" एवढंच म्हणाली. मी वळले. मागून ती काहीतरी ओरडत होती, त्यातलं मला काही कळलं नाही, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली.

रिक्षा मुख्य रस्त्याला लागली तेव्हा समोरून मास्तर येताना दिसले. सायकलच्या कॅरियरवर गोणपाटात गुंडाळलेला बर्फ, त्याचं पाणी रस्त्यावर ठिबकत होतं. मला बघून त्यांनी ब्रेक दाबला, एक पाय टेकला आणि हात वर केला. मी रिक्षावाल्याला थांब म्हटलं नाही. सरळ समोर बघत राहिले. आजही कधी गोणपाटातला बर्फ दिसला की मी मान वळवते.

जळगावची गाडी लागलेलीच होती. मी खिडकीशी बसले आणि डोळे मिटले. आता ठरलं ते ठरलं, म्हटलं. सुटले बाई एकदाची. ट्रेनिंग संपवायचं, साताऱ्याला जायचं, हेडफोन चढवायचा. धुळेनं विचारलं तर सांगायचं, घर आवडलं नाही. सुटल्यासारखं काही वाटत नव्हतं, पण तसं वाटेल, सवयीनं वाटेल, असं स्वतःला समजावत होते.

पारोळ्याला गाडी थांब्यावर वळली. निंबाच्या झाडाखाली दहा-पंधरा बायका गाठोडी घेऊन बसल्या होत्या, कुठल्यातरी लग्नाला निघालेल्या असाव्यात. आमची गाडी बघितल्याबरोबर त्यातली एक पोरगी टणकन उभी राहिली आणि हात हलवून ओरडली, "उनी वं! यष्टी उनी! उनी, उनी!"

सगळ्या जणी उठल्या. गाठोडी डोक्यावर, पोरं काखेत, आणि जी ती दुसरीला सांगत होती, उनी, उनी.

मी खाडकन जागी झाले. गाडीत काय उणं आहे? गाडी तर धडधाकट उभी आहे.

"भाऊ," मी कंडक्टरला विचारलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, "उनी म्हणजे काय?"

"उनी म्हणजे आली, ताई. गाडी आली, असं म्हणताहेत."

"आणि उणी? म्हणजे कमी? खोट असलेली?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू उन्हानं बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. "तसं नाही म्हणत हो कुणी. उना म्हणजे आला, उनी म्हणजे आली. चला, पुढं सरका, आत या."

आली का गं? आली ना! एवढंच विचारलं होतं त्या शेजारणीनं. मी मटकन खाली बसले असते, पण आधीच बसलेली होते, त्यामुळं तीही सोय नव्हती. हात्तिच्या! जिच्यापुढं जपून बोला म्हणायचे, त्या बाईला 'आली' एवढा शब्द ऐकू येऊ नये? नाही, ऐकू आला होता. तो जसा म्हटला गेला तसा आला होता, अगदी स्वच्छ. त्यातल्या 'न'चा 'ण' मी केला. त्या घरात 'उणी' कुणी म्हटलंच नव्हतं. तो शब्द मीच आपल्याबरोबर घेऊन गेले होते, एवढ्या लांबवर, कुणीतरी म्हणेल म्हणून वाट बघत.

बायका आत शिरत होत्या आणि मला ठरवायला फार वेळ नव्हता. गप्प बसून राहिले असते तर तासाभरात जळगाव. कुणाला काही कळलं नसतं, माझी फजिती माझ्यापाशी राहिली असती. परत जायचं म्हणजे काय, त्या दारात उभं राहून सांगायचं, की तुम्ही 'आली' म्हणालात म्हणून मी गेले? हसतील. हसले तर? आणि मांड्यांचा तसा अपमान करून आलेल्या बाईला ते कशाला घेतील आत? अंगात त्राण नव्हतं, पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. पण मला तो वर केलेला हात दिसत राहिला.

"उतरायचंय!" मी ओरडले. आत येणाऱ्या गर्दीतून मी उलटी बाहेर, बुटासकट, कंडक्टर करवादतोय, बायका चिडल्यात, एका म्हातारीनं माझी कोपरं धरून मला अक्षरशः खाली ठेवलं. गाडी गेली. मी धुळ्याच्या बाजूला तोंड करून त्या निंबाखाली उभी राहिले. एक गाडी भरून आली आणि थांबलीच नाही. दुसरी येऊन तिथंच बंद पडली, तिचे लोक आमच्यातच येऊन उभे राहिले. बर्फाचा गोळा मिळत होता, पण मला बर्फाकडं बघवेना. तिसऱ्या गाडीत उभ्यानं जागा मिळाली. बुटाचा पट्टा पायाला काचत होता. मी कुणाला जागा मागितली नाही, कुणी दिलीही नाही, आणि धुळ्याची घरं दिसेपर्यंत ऊन उतरायला लागलं होतं.

गल्लीत पोचले तर दाराला कुलूप.

शेजारच्या अक्का धावत आल्या. "उनी माय तू!" त्या म्हणाल्या, आणि या वेळी मला बरोबर कळलं. मायलेकरं मला शोधायला स्टँडवर गेली होती, दुपारपासून. गुडघ्यांमुळं म्हातारी गल्लीच्या टोकाशीसुद्धा जात नसे, पण आज रिक्षात बसून गेली, जळगावला सुटणारी एकेक गाडी बघत बसली असेल, आणि मी येणाऱ्या गाडीतून उतरून तशीच निघून आले. अक्कांनी मला पाणी दिलं आणि ओट्यावर बसवलं. मग कौतुकानं म्हणाल्या, सकाळी म्हातारी चुलीपाशी तुझ्याबद्दलच सांगत होती. काय म्हणत होत्या, मी विचारलं. तेव्हा अक्कांनी ते वाक्य मला पूर्ण म्हणून दाखवलं. "पायनं अशी शे, तरी बठ्ठी वाट एकलीच उनी माय!"

पाय असा आहे, तरी सगळी वाट एकटी आली. ते च् च् कीव नव्हती, नवल होतं. मी दोन्ही हातांत तांब्या धरून बसून राहिले. आता रडू येईल असं वाटलं, पण तेवढंही पाणी अंगात नसावं.

रिक्षा आली. मास्तर आधी उतरले, मग आईला हात देऊन उतरवलं. म्हातारीनं वर बघितलं, तिला मी दिसले. ती जागच्या जागी उभी राहिली. मला वाटलं, आता समजुतीनं बोलेल. लंगड्या मुलीशी सगळे समजुतीनंच बोलतात. भावंडांना फटके बसायचे तेव्हा मला आई कधी चापटसुद्धा मारायची नाही. शाळेत मास्तरणीनं कधी बाकावर उभं केलं नाही. साहेबसुद्धा माझ्याशी मऊ बोलायचे. फोनवर ओरडणारी माणसं सोडली तर जन्मभर माझ्यावर म्हणून कुणी रागावलं नव्हतं.

म्हातारी जी कडाडली, ती सगळ्या गल्लीनं ऐकली. "काबरं गयी व तू? काबरं? आमनं काय चुकनं ते सांगीसन तरी जाती! इतला उनमा जीव घाबरा करी टाका मन्हा! अकल शे का नही तुले?"

दारं उघडली. पोरं गोळा झाली. मास्तर म्हणत होते, "आई, आई, हळू," पण ती कुठली ऐकतेय. हातवारे करत, धापा टाकत, शब्द अर्धे कळत होते, अर्धे नाही. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मीही उभी राहिले आणि ओरडले. "तुम्हीच म्हणालात! चुलीशी बसून! मला वाटलं उणी म्हणताय! आमच्यात उणी म्हणजे कमी! मला काय ठाऊक तुमची आली म्हणजे उनी असते ते! मी काय दगड आहे? मला वाईट वाटत नाही? कंटाळले मी लोकांना दाखवून दाखवून!" असं मी कधी कुणाशी बोलले नव्हते, आईशीसुद्धा नाही. आवाज फाटला माझा. ट्रंक लाईनवर जपलेला आवाज.

म्हातारी थांबली. मुलाकडं वळली. "काय सांगी राहिनी ती?"

मास्तरांनी हळूच सांगितलं. साताऱ्याकडं उणी म्हणजे कमी, आई. तिला वाटलं, तू तिला कमी म्हणालीस.

 मला वाटलं, आता तरी हिचा आवाज मऊ होईल. छे! ती आणखी लाल झाली. "मी? मी तुले कमी म्हनसू? मी?" असं म्हणत ती दोन पायऱ्या चढून आली, गुडघ्यांवर हात न ठेवता, आणि तिनं माझा दंड धरला. हळुवार वगैरे नाही, पोरीला जत्रेतून ओढून न्यावं तसा करकचून, आणि दाराकडं खेचलं. मास्तर घाईघाईनं कुलूप काढत होते, किल्ली काही लागत नव्हती.

"मावशी, दुखतंय," मी म्हणाले.

"दुखू दे," ती म्हणाली, आणि दंड सोडला नाही.